इंग्रजीत ‘अहो’ नसतं

संकटं सांगून येत नाहीत, असं म्हणतात. आमच्या घरी आलेलं संकट मात्र रीतसर लेखी आदेशानं आलं. त्यावर जावक क्रमांक होता, गोल शिक्का होता, आणि खाली ‘अनुपस्थित राहणाऱ्यांवर कार्यवाही करण्यात येईल’ अशी प्रेमळ सूचनाही होती. आमची सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. इंग्रजी कसं शिकवावं याच्या दहा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी तिनं तालुक्याच्या ठिकाणी हजर राहावं, असं त्या आदेशाचं म्हणणं होतं. मी तो कागद वाचला, ‘जाऊन ये, चहा-बिस्किटं मिळतील,’ असं म्हटलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. प्रशिक्षण तिचं होतं, माझा काय संबंध, असा माझा भाबडा समज होता.

तसं पाहिलं तर बँकेतल्या माणसाला इंग्रजीची भीती वाटण्याचं कारण नाही, असं बाहेरच्या लोकांना वाटतं. तो समज मी आजवर कधी मोडू दिलेला नाही. वीस वर्षं मी इंग्रजीच्याच मिठाला जागतो आहे. ‘प्लीज फाइंड एनक्लोज्ड हिअरविथ’, ‘काइंडली डू द नीडफुल’ ही वाक्यं माझ्या बोटांतून झोपेतसुद्धा उतरतील. एकदा न वटलेला चेक मी ‘रेफर टू ड्रॉअर’ असा शेरा मारून परत केला, तर ते गिऱ्हाईक सरळ आत आलं आणि माझ्या टेबलाचा खण ओढायला लागलं. ‘साहेब, ड्रॉवरमधीच हायत म्हणता ना पैसे?’ इथं ड्रॉअर म्हणजे चेक लिहून देणारा, हे त्याला समजावताना मला घाम फुटला. फुटणारच. नोकरी लागून तीन वर्षं होईपर्यंत मलाही तो खणच वाटत होता.

हे झालं लिहिण्याचं. बोलण्याची गोष्ट निराळी. मी एकदाच ऑफिसरच्या बढतीसाठी मुलाखतीला गेलो होतो. समोर तिघं बसले होते. मधल्यानं गोड हसून विचारलं, ‘टेल अस समथिंग अबाउट युवरसेल्फ.’ माझी जीभ टाळूला चिकटली. वीस वर्षांच्या पत्रव्यवहारातून जे पहिलं हाताला लागलं ते मी बोललो, ‘विथ रेफरन्स टू द अबव्ह...’ तिघांनीही वर पाहिलं. वर पंखा फिरत होता. त्यानंतर मी बढतीचा अर्ज केला नाही. ‘बदली नको, पोरांच्या शाळा आहेत, आईचं वय झालंय,’ असं लोकांना सांगतो. कारणं खोटी नाहीत. पण खरं कारण तो पंखा आहे.

याचा दोष मी माझ्या गुरुजींना देत नाही. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. गुरुजी पेन उचलून ‘धिस इज अ पेन’ म्हणत, आणि साठ पोरं छप्पर उडेल अशा आवाजात तेच म्हणत. ते पेन आहे हे आम्हाला दिसतच होतं; मग ते पुन्हा पुन्हा का सांगायचं, हे कुणी विचारलं नाही. पुढं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनं घडवलेल्या पिढीतल्या एका काकांनी मला घरी शिकवायला घेतलं आणि भाषांतर करता करता माझं मराठीही बिघडवलं. एकूण काय, इंग्रजी ही वाचायची, लिहायची आणि घाबरायची भाषा आहे, एवढं पक्कं झालं.

खरं तर हिंगोलीला इंग्रजी नवी नाही. निजामाच्या राज्यात इथं हैदराबाद कंटिंजंटची मोठी छावणी होती, तिच्यावर गोरे अधिकारी होते. १९०३ साली फौज हलली. साहेब लोक इतकी वर्षं इथं राहिले, पण जाताना आपली भाषा सामानात बांधून घेऊन गेले असावेत. आमच्या वाट्याला ‘छावणी’ हा शब्द तेवढा आला. पुढं २००० साली महाराष्ट्र सरकारनं ठरवलं, की मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून शिकवायचं. पोरांची काही अडचण नव्हती. त्यांना पहिलीत सगळंच नवं असतं. अडचण झाली ती गुरुजींची आणि बाईंची. जी भाषा आपण स्वतः घाबरत शिकलो, ती सहा वर्षांच्या पोराला हसत कशी शिकवायची? म्हणून ही प्रशिक्षणं. आणि म्हणून तो आदेश.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ही घरी आली ती निराळ्याच तेजानं. मी नुकताच बँकेतून येऊन खुर्चीत टेकलो होतो. ती माझ्यासमोर उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि कडाडली, ‘स्टँड अप!’

मी उभा राहिलो. लग्नाला अठरा वर्षं झालेला माणूस असं काही ऐकल्यावर आधी उभा राहतो, कारण मागाहून विचारतो.

‘सिट डाऊन!’

बसलो.

‘टच युवर नोज! टच युवर इअर! टर्न अराउंड!’

मी नाकाला हात लावला, कानाला लावला, गरकन फिरलो. तेवढ्यात आई देवघरातून बाहेर आली. मुलगा कान धरून उभा, सून समोर हात उगारून, हे दृश्य तिनं क्षणभर पाहिलं आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, ‘काय करायलास रं? बँकेत काही घोटाळा केलास का?’

हिनं मग खुलासा केला. ही जेम्स अ‍ॅशर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाची पद्धत. तान्हं बाळ आधी बोलत नाही; आधी ऐकतं आणि ऐकल्याप्रमाणे करतं. ‘इकडं ये’ म्हटलं की येतं, ‘टाटा कर’ म्हटलं की करतं. बोलणं मागाहून आपोआप येतं. तशीच दुसरी भाषाही आधी कानांनी आणि हातापायांनी शिकायची, जिभेची घाई करायची नाही.

‘आणि अहो, एक लक्षात आलं का?’ ती खुशीत म्हणाली. ‘इंग्रजीत ‘अहो’ नाहीच! नुसतं यू! पोरालाही यू, केंद्रप्रमुखालाही यू, आणि तुम्हालाही यू!’

हे तिच्या लक्षात आलं ते माझ्या दृष्टीनं बरं झालं नाही. अठरा वर्षं जे मराठीत बोलता आलं नव्हतं ते सगळं त्या दहा दिवसांत इंग्रजीत बोलून झालं. ‘यू, ओपन द डोअर. यू, ब्रिंग द गॅस सिलिंडर.’ उलट उत्तर द्यायची सोय नव्हती, कारण सरावात मराठी बोलायला बंदी होती आणि माझ्या इंग्रजीत ‘रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ याच्यापलीकडं नकार नव्हता.

रोज नवा धडा, रोज नवं ज्ञान. एके दिवशी कळलं, की मराठीत टेबल आधी येतं आणि ‘वर’ मागाहून. इंग्रजीत ‘ऑन’ आधी आणि टेबल शेवटी. म्हणजे इंग्रज माणूस आधी वर चढतो आणि मग टेबल कुठं आहे ते पाहतो. त्यांनी जगभर राज्य कसं केलं, याचा मला थोडा उलगडा झाला. ‘अ’ आणि ‘द’ यांचंही तसंच. आपल्याकडं हा प्रकारच नाही, म्हणून आपला माणूस एक तर ते गाळतो, नाही तर लग्नात अक्षता टाकाव्यात तसा सगळीकडं उधळतो.

प्रशिक्षणात शिकवणाऱ्याला आता ‘सुलभक’ म्हणतात. त्यांच्या सुलभकांनी एन. एस. प्रभू यांची गोष्ट सांगितली. प्रभूंनी १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर, मद्रासकडच्या काही शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले आणि पोरांपुढं कामं ठेवली. हे रेल्वेचं वेळापत्रक, सांगा कुठली गाडी आधी पोचेल. हा नकाशा, सांगा कुठल्या रस्त्यानं जायचं. पोरं कोडं सोडवण्यात गुंतली, की भाषा नकळत अंगात मुरते, असं त्यांचं म्हणणं. जगभर या प्रयोगाचा अभ्यास झाला. हिला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी तिनं एसटीच्या वेळापत्रकाचा तक्ता करून पाहिला आणि आमच्या धाकट्यावर प्रयोग केला. ‘विच बस गोज टू औंढा?’ धाकट्यानं तक्त्याकडं पाहिलंही नाही. ‘नो बस. जीप.’ हे उत्तर भाषेच्या आणि वस्तुस्थितीच्या, दोन्ही दृष्टींनी बरोबर होतं.

माझाही थोडा उपयोग झाला. पुस्तकातली फळं आमच्या पोरांनी पाहिलेली नसतात. तेव्हा पोरांच्या घरातल्या, शेतातल्या वस्तू वापरा, असं सुलभकांनी सांगितलं होतं. आमच्याकडं वसमत, हिंगोली म्हणजे हळदीचा बाजार. हिनं विचारलं, ‘अहो, हळकुंडाला इंग्रजीत काय म्हणतात?’ तारण कर्जाची कागदपत्रं हाताळून मला ते पाठ होतं. ‘टर्मरिक फिंगर,’ मी ऐटीत सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझं बँकेतलं इंग्रजी घरात चाललं. पुढं शाळेत तिनं पोरांना ‘शो मी युवर फिंगर’ म्हटलं, तेव्हा सगळ्यांनी बोटं दाखवली, आणि एका हळदवाल्याच्या पोरानं खिशातून हळकुंड काढून दाखवलं. त्याला पैकीच्या पैकी.

सातव्या दिवशी मात्र ही घरी आली आणि काहीच बोलली नाही. मी सवयीनं उभा राहिलो. तिनं लक्षच दिलं नाही. जेवताना भाकरी ताटात तशीच. आईनं विचारलं, ‘डोकं दुखतंय का गं?’ तर नुसती मान हलवली. रात्री भांडी आवरून झाल्यावर तिनं सांगितलं.

त्या दिवशी सुलभकांनी एक निराळा पाठ ठेवला होता. परक्या भाषेत बसलेल्या पोराला काय वाटतं, हे शिकवणाऱ्यांनी एकदा भोगून पाहावं, म्हणून. तांड्यावर लहानाचे मोठे झालेले एक गुरुजी त्यांच्या गटात होते. ते फळ्यापुढं उभे राहिले आणि दहा मिनिटं फक्त गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, शिकवत राहिले. मराठीचा एक शब्द नाही. पहिल्यांदा सगळे हसले. मग एकमेकांकडं पाहू लागले. तीस वर्षं नोकरी झालेले एक ज्येष्ठ गुरुजी, आपल्याला विचारू नये म्हणून, चपलेचा अंगठा तपासत बसले. आणि प्रश्न आला तो नेमका हिला. तिला कळेना. गुरुजींनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, मोठ्यानं. मग तिसऱ्यांदा, आणखी मोठ्यानं. आणि शेवटी ठरल्याप्रमाणं कपाळाला हात लावून मराठीत म्हणाले, ‘बसा खाली. डोक्यात नुसते दगड भरलेत.’

सगळा हॉल हसला.

‘ते नाटक होतं, मला माहीत होतं,’ ही म्हणाली. ‘पण अहो, ते वाक्य माझं आहे. माझ्या वर्गात तांड्यावरची एक मुलगी आहे, शेवटच्या ओळीत बसते. दोन वर्षांत एक शब्द बोलली नाही. मी तिला किती वेळा तसंच म्हटलंय. घरी ती गोरमाटी बोलते, हे काय मला माहीत नव्हतं? पण मी कधी धरलंच नाही ते. मी आपली समजत होते, आपण मराठी शिकवतोय, म्हणजे मातृभाषाच शिकवतोय. तिची दुसरी भाषा मराठीच आहे हो. इंग्रजी तिसरी. आणि दुसरी भाषा कशी शिकवायची, याचं प्रशिक्षण मला आज मिळालं.’

मी काय बोलणार? आईच बोलली. ती अंधारात जपमाळ घेऊन बसली होती. ‘तुझ्या आजोबांचं तसंच झालं होतं,’ ती मला म्हणाली. ‘निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत. घरी मराठी. ते सांगायचे, पहिली दोन वर्षं मास्तर काय बोलतो ते कळलंच नाही, नुसता मार कळायचा.’ आणि थोडं थांबून म्हणाली, ‘पुढं उर्दू काय झकास बोलायचे.’

आमच्या भागाचं हे नशीबच आहे. ज्या नरसीला नामदेवांचं जन्मगाव मानतात ती इथून जवळच. नामदेव पंजाबात गेले, तिथल्या लोकांत राहिले, आणि त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात जाऊन बसली. त्यांना कुणी सुलभक भेटला नव्हता. पण परक्या भाषेत चुकलो तर हसतील, ही भीतीही त्यांना नसावी. आजोबांना छडीची भीती, मला पंख्याची, आणि त्या मुलीला माझ्याच बायकोची. सतरा सप्टेंबर १९४८ ला निजाम गेला, उर्दूची मराठी झाली, मराठीत इंग्रजी आली. शेवटच्या ओळीतलं पोर मात्र गप्पच.

प्रशिक्षण संपलं, प्रमाणपत्र मिळालं, प्रवासभत्त्याचं बिल यथाकाल परत आलं (सहीची जागा चुकली होती). शाळेत गेल्यावर हिनं काय केलं, ते मला तिच्याकडूनच कळलं. पहिल्या दिवशी तिनं इंग्रजीला हातच लावला नाही. फळ्यावर आईचं चित्र काढलं आणि त्या मुलीजवळ जाऊन, खाली बसून, हळू आवाजात विचारलं, तुझ्या घरी हिला काय म्हणतात? मुलगी गप्प. बाईंनी स्वतःच म्हटलं, ‘याडी?’ उच्चार चुकला असावा, कारण मुलगी फिसकन हसली. दोन वर्षांत वर्गानं तिचा ऐकलेला हा पहिला आवाज. मग तिनं बरोबर म्हणून दाखवलं. भाकरी दाखवली तर म्हणाली, ‘बाटी’. त्या दिवशी सगळ्या वर्गानं तिच्यामागं म्हटलं, याडी, बाटी. आणि फळ्यावर तीन रकाने झाले. आई, याडी, मदर. भाकरी, बाटी, आणि तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं ते अडलं. ‘ब्रेड’ लिहायला हिचा हात धजेना, तेव्हा तिथंही ‘भाकरी’च लिहिलं. पोरांनी विचारलं, तर म्हणाली, इंग्रजाला खायची असेल तर तो शिकेल.

त्यानंतर महिन्याभरानं मला सुट्टी होती म्हणून हिला सोडायला शाळेत गेलो आणि व्हरांड्यात थांबलो. आत तो ‘स्टँड अप, सिट डाऊन’चा खेळ चालू होता. आता पोरं पाळीपाळीनं पुढं येऊन हुकूम देत होती. शेवटच्या ओळीतून एक बारकी मुलगी उठली, दोन वेण्या, तांबड्या फिती. फळ्यापुढं उभी राहिली. वर्गाकडं पाहिलं, मग बाईंकडं पाहिलं. मला वाटलं, आता हिची जीभ टाळूला चिकटणार. मी नकळत वर पंख्याकडं पाहिलं. पंखा नव्हता, पत्रे होते.

‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘सिट डाऊन!’

आणि आमची सौ., जिच्यापुढं मी दहा दिवस उठबशा काढल्या, ती झटकन खुर्चीत बसली. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मुलीनं आणखी एकदा सगळ्यांकडं पाहून घेतलं आणि म्हणाली, ‘मॅडम, स्टँड अप!’ हीही उठली. असं पाच-सहा वेळा झालं. मुलीला सोडवत नव्हतं. दोन वर्षांची थकबाकी होती, चक्रवाढ व्याजासह वसूल करत होती. बँकेतला माणूस म्हणून मला त्यात काही गैर वाटलं नाही.

माझ्यात फार फरक पडलेला नाही. बढतीचा अर्ज मी अजून केलेला नाही. कोरा फॉर्म मात्र खणात, म्हणजे खऱ्या ड्रॉवरमध्ये, आणून ठेवला आहे. हिनं तो पाहिला आहे. अधूनमधून ती सकाळी भाजी चिरता चिरता म्हणते, ‘यू, टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ,’ आणि मी दाढी करता करता चुकतमाकत काहीतरी सांगतो. ती मध्येच चूक काढत नाही. तसं करायचं नसतं, असं प्रशिक्षणात सांगितलंय.

काउंटरवर मात्र एक गोष्ट बदलली. गिऱ्हाइकाला एखादी गोष्ट कळली नाही, की तीच गोष्ट आणखी मोठ्यानं सांगायची, ही आम्हा काउंटरवाल्यांची जुनी अध्यापनपद्धती. न समजणाऱ्याला ऐकू येत नाही, असं आमचं शास्त्र आहे. परवा तांड्यावरची एक म्हातारी पैसे काढायच्या स्लिपवर अंगठा कुठं लावायचा ते विचारत होती. मी दोनदा सांगितलं. तिला कळलं नाही. तिसऱ्यांदा ओरडायला तोंड उघडलं, आणि ते तसंच मिटलं. उठून काउंटरच्या बाहेर गेलो, तिच्याशेजारी उभा राहिलो, माझा अंगठा स्लिपवरच्या चौकटीवर ठेवून दाखवला आणि हळूच म्हटलं, ‘इथं, याडी.’

उच्चार चुकला असावा. ती फिसकन हसली, आणि अंगठा बरोबर जागी लावला.